आगाऊ पंगत

टीमचं नाव मी इथे लिहिणार नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण नाव उघड्यावर घेतलं की दृष्ट लागते, हे मी अनुभवाने शिकले आहे. एवढंच सांगते की ती अमेरिकेतली बास्केटबॉलची टीम आहे, पैसे घेऊन खेळणाऱ्यांची, आणि माझा तिच्यावर शाळेपासून जीव आहे. मला पाहायला आलेल्या एका मुलाने विचारलं होतं, हे खूळ लग्नानंतर सुटेल ना. खूळ राहिलं, मुलगा सुटला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

शाळेला मी गोंदियात वसतिगृहावर होते. मैदानात एक रिंग होती, तिला जाळी नव्हती. मी उंचीने बेताची, त्यामुळे खेळायची कमी आणि बाहेर बसून ओरडायची जास्त. एकदा आमच्या खेळाच्या सरांनी टीव्हीवर अमेरिकेचा सामना लावून दिला. त्यात एक टीम इतकी सपाटून मार खात होती की पाहवत नव्हतं. सामना कधीचाच हातचा गेला होता, तरी तिच्यातल्या एकाने बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी खुर्च्यांवर अंग झोकून दिलं. आपटला, उठला, परत धावायला लागला. मी तिथल्या तिथे ठरवलं, ही आपली टीम.

मग वर्षानुवर्षं ती हरली. मी शिकले, एका राईस मिलच्या ऑफिसात लागले, गोंदियाला लागूनच फुलचूरला खोली घेतली, तरी ती हरतच होती. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सहा वाजता गॅसवर चहा ठेवायचा, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि नऊपर्यंत जीव जाळून ऑफिसला निघायचं. घरमालकीण दारातून विचारायची, "क्या हुआ बेटा, कोई गुजर गया क्या?" हे हरल्यावर. जिंकल्यावर ती काय विचारते ते कळायला फारसा वाव नव्हता.

बाबा ह्यात कसे आले तेही सांगते. आमचं गाव अर्जुनीकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्याला लागून. एका दिवाळीत मी घरी गेले होते आणि सकाळी पडवीत मोबाईल घेऊन बसले होते. बाबा दातुन चावत मागे येऊन उभे राहिले.

"हे कायले पाहून राहिली वो बाई? हारूनच त राहिले."

"म्हणूनच पाहते."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "मंग बराबर आहे," म्हणाले. "जिंकनाऱ्याले पाहाले सारी दुनिया हाय." आणि खाली माझ्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी मला उठवायला तेच आले.

पुढच्या पगारात मी घरी नेटवाला टीव्ही घेऊन दिला. बाबांना इंग्रजी येत नाही आणि खेळाचे नियम त्यांनी कधी धड समजून घेतले नाहीत. पण माणसाचे पाय पाहून ते सांगत, ह्याचा दम गेला, ह्याला बसवा. आणि खरोखर दोन मिनिटांत तो बाहेर. आमच्या सगळ्यात उंच खेळाडूचं नाव त्यांनी ठेवलं सारस, कारण त्याची मान आणि चाल आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरणाऱ्या सारसासारखी होती. चेंडू पुढे नेणारा तो बुटका. आमच्या गावात आला असता तर दाराला डोकं आपटून घेतलं असतं त्याने, पण तिथे तो बुटकाच. सामना संपला की बाबांचा फोन यायचा. हरलो असलो तर म्हणायचे, "चहा पेली का? पेऊन घे." त्याहून मोठं सांत्वन मला आजवर कोणी केलेलं नाही.

बाबा गावात ना सरपंच, ना कसले अध्यक्ष. पण कालव्याला पाणी सुटलं की आमच्या पाटावर कोणाची बांधी आधी भिजणार आणि कोणाची नंतर, हे ते ठरवतात. त्यांना हे काम कोणी लेखी दिलेलं नाही. त्यांनी सांगायचं, "तुह्यं सकाळी सहाले," आणि ऐकणाऱ्याने म्हणायचं, "हाव." एवढ्या एका शब्दावर अख्ख्या पाटाची शेती चालते. पाण्यावरून इतर गावांत डोकी फुटली आहेत. आमच्या पाटावर अजून नाही.

आता काका. हे बाबांचे चुलतभाऊ, समोरच्याच घरात राहतात. जिभेला हाड नाही. चौकात चार माणसं जमली की सुरू, "का गा दादा, तुमचे लंबू काल बी हारले का?" बाबा हसून सोडून द्यायचे. पण एकदा भर चौकात काका म्हणाले, दादाची टीम काही ह्या जन्मात जिंकत नाही, आणि बाबांचं डोकं फिरलं. आमच्या घराण्यात हा रोग आहे, मलाही आहे. ते म्हणाले, "ज्या दिवशी जिंकन ना, त्या दिवशी अख्ख्या गावाले मटनाची पंगत देईन." शंभर कानांनी ऐकलं. बाबांचा शब्द म्हणजे बाबांचा शब्द.

आणि मग मागच्या मोसमात आमच्या टीमला काय झालं कोण जाणे. सुटलीच. हलकं धान कापायला आलं तेव्हा जिंकत होती, भारी धान खळ्यावर आलं तेव्हा जिंकत होती, उन्हाळी रोवणी झाली तरी जिंकतच होती. सारस उडत होता, बुटका कोणाला ऐकत नव्हता. मी फुलचूरच्या खोलीत एकटी नाचले आहे, ह्याची मला जराही लाज नाही. आयुष्यभर ज्यांच्या नावाने लोकांनी आपल्याला हसावं, त्यांनी एके दिवशी सगळ्यांना उताणं पाडावं, ह्यासारखं सुख नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. तिकडे टीमांचे दोन भाग असतात, पूर्व आणि पश्चिम. प्रत्येक भागाचा एक विजेता निघतो. त्यालाही कप देतात, टोप्या घालतात, वरून चमचमते कागद उडवतात. मग हे दोघे खऱ्या, मोठ्या कपासाठी एकमेकांशी भिडतात. बाबांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं, आमची टीम तिथवर कधी पोचलीच नव्हती.

आमच्या बाजूचा कप आम्ही जिंकला तो शुक्रवार होता. मी मिलच्या कामाने नागपूरला गेलेली, सामना बसमध्ये मोबाईलवर पाहिला आणि रडले. बाबांना फोन लावला, उचलला नाही. म्हटलं असतील शेतावर. संध्याकाळच्या गाडीने अर्जुनीला उतरले. ऑटोवाला म्हणाला, "जल्दी बैठो दीदी, आपके ही घर जा रहा हूँ, खाना है ना." मला वाटलं, थट्टा करतोय.

गल्लीच्या तोंडाशीच मसाल्याचा वास आला. पुढे मांडव. चुलीवर रश्श्याचे मोठे गंज चढलेले, दोन बोकड त्यात गेलेले, पत्रावळी मांडलेल्या आणि गाव ओळीने बसलेलं. मधोमध बाबा, पांढरा सदरा, डोक्यापासून मिशीपर्यंत गुलाल. मला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले. माझ्या बापाला मी एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, माझ्या नोकरीच्या दिवशीसुद्धा नाही.

मी त्यांना हाताला धरून सैपाकघरात नेलं. आई वाढप्यांसाठी भात काढत होती.

"बाबा, अजून जिंकलो नाही आपण."

"का बोलून राहिली? कप देला ना त्याइले. मी ह्या डोऱ्यानं पाहिला. सारे रडून राहिले होते."

"तो लहान कप बाबा. मोठा बाकी आहे. आता दुसऱ्या बाजूच्या टीमशी खेळायचं आहे. ती ह्यांच्याहून तगडी आहे."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या पंगतीकडे. मी म्हटलं, आज कोणाला काही सांगू नका, जेवून जाऊ द्या. ते म्हणाले, "खोट्या गोष्टीचं जेवन कसं घालू कोनाले?" आणि बाहेर गेले.

मांडवाच्या खांबाला धरून त्यांनी सगळं सांगितलं. आपली समजायला चूक झाली, टीम अजून जिंकलेली नाही, खरे सामने पुढेच आहेत. जेवणारे हात थांबले. काकांनी नळी चोखता चोखता विचारलं, "मंग हे मटन आमी कायचं खाऊन राहिलो, दादा?" आणि जो हशा उसळला, तो मला आजही ऐकू येतो. बाबाही कसंनुसं हसले. गुलालाने माखलेल्या चेहऱ्यावरचं ते हसणं पाहवलं नाही मला.

हशा ओसरल्यावर पंगतीतल्या आत्या बोलल्या. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, कोणाच्याच सख्ख्या नाहीत आणि सगळ्यांच्याच आत्या. त्या शांतपणे घास कालवत म्हणाल्या, "मटन त पोटात गेलं. आता का वापस येते? जिंकल्याचं जेवन जेवलो आपन. आता त्याइले जिंकाच लागते, अना आपल्याले पाहाच लागते. खाल्ल्या मिठाले जागा लागते बाप्पा."

कोणाला ते पटलं, कोणाला गंमत वाटली. पण पुढच्या आठवड्यात मोठ्या कपाचा पहिला सामना होता, त्या सकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी दातुन चावत, कोणी दुधाची कॅन घेऊन. आत्या पहिल्या रांगेत, बाजेवर. मी मालकाकडे रजा मागितली होती. ते म्हणाले, "घर में शादी है क्या?" मी म्हटलं, "हाँ, समझ लो वही है."

पहिला सामना हरलो. दुसरा जिंकलो, मग परत हरलो. सातात ज्याचे चार विजय होतील त्याचा कप. अंगणात मी नियम सांगायची आणि आत्या शिव्या घालायच्या, समोरच्या टीमला, आमच्या अस्सल झाडीबोलीत.

पण गावाची जीभ थांबत नाही. बाबांचं नाव पडलं, आगाऊपंगत्या. आधी काकांच्या तोंडून, मग पोरांच्या, मग पानठेल्यावर. ह्याला थट्टा म्हणून सोडून द्या असं बाहेरचा माणूस म्हणेल. आमच्या गावात एकाचा बैल पूर्वी लग्नाच्या मांडवात घुसला होता. तो माणूस गेला, बैल गेला, त्याच्या नातवाला अजून मांडवमोड्या म्हणतात. नाव चिकटलं की ते पिढ्यांना पुरतं.

आणि ते नुसतं नावावर थांबलं नाही. मृग कोरडा जात होता, पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, वाळायला लागले होते, म्हणून कालव्याला पाणी सोडलं होतं. बाबांनी पाटाच्या शेपटाकडच्या एका विधवा बाईची पाण्याची पाळी आधी लावली, तिचे पऱ्हे सगळ्यात जास्त सुकले होते. एका सकाळी अंगण सामन्यात गुंग असताना काकांनी पाट फोडून पाणी आपल्या बांधीत वळवलं. बाबा जाब विचारायला गेले. मीही मागे होते.

"पाळी तुह्यी नव्हती," बाबा म्हणाले.

काका बांधावर उभे होते. "दादा, तुमचंबी आजकल आगाऊच चालते ना? मी बी आगाऊ पानी घेतलं."

बांधावरची माणसं हसली. आमच्या अंगणात बसून चहा पिणारीही हसली. मला एकेकाचं डोकं चिखलात दाबावंसं वाटलं. बाबांनी खाली वाकून फोडलेला पाट स्वतःच्या हाताने बांधला आणि घरी आले. आई मला म्हणाली, "तुह्या त्या खेळापायी झालं हे." ज्या माणसाच्या शब्दावर पाणी वाहत होतं, त्याचा शब्द लोकांनी हसण्यावारी नेला होता. आता सारस आणि बुटक्याच्या हातात माझ्या बापाची पत होती, आणि त्या दोघांना आमचं गाव जगाच्या पाठीवर कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

तीन तीन झाले. उरला शेवटचा.

त्या सकाळी अख्खं गाव आलं. काकाही आले, पण आमच्या अंगणात नाही, स्वतःच्या ओट्यावर. तोंड दुसरीकडे, कान इकडे. बाबा टीव्हीसमोर बसलेच नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले.

पहिला अर्धा सामना मी सांगणार नाही. आम्ही इतके मागे होतो की माणसं उठून जायला लागली. आत्यांनी बाजेवरूनच दरडावलं, "जेवताना उठला होता का रे मधातून? बस खाली." ती बसली. चारांपैकी तिसऱ्या भागात बुटक्याने लांबून चेंडू टाकायला सुरुवात केली, आणि एकामागून एक, एकामागून एक, जाळी हलायची थांबेना. अंगण पुढे सरकत गेलं. कोणी कोणाच्या मांडीवर बसलं होतं ते त्यांनाही कळत नव्हतं. चौथ्या भागात आम्ही गाठलं. मग त्यांनी पुढे काढलं, मग आम्ही, मग परत त्यांनी. काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे आणि चेंडू बुटक्याकडे.

बाबा चौकटीतून हळूच म्हणाले, "त्याचे पाय गेले. त्याले नाई जमनार. सारसाले पाहा."

बुटक्याने उडी घेतली, फेकला, चेंडू रिंगला लागून बाहेर आला. आणि त्या सगळ्या हातांच्या वर सारसाचा एक हात आला, त्याने चेंडू नुसता थोपटला, आणि तो आत गेला. भोंगाही वाजला. चेंडू त्याच्या हातून आधी सुटला की भोंगा आधी वाजला, कोणाला सांगता येईना. पंच जाऊन पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच पाहू लागले. मग एक पंच वळला आणि त्याने हात खाली आपटून खूण केली. बास्केट धरलं. आम्ही जिंकलो.

टीव्हीवर दुनिया वेडी झाली. चमचमते कागद, टोप्या, मिठ्या, सारस लहान मुलासारखा रडतोय. कप आला, खरा, मोठा. आणि आमच्या अंगणात कोणी हललं नाही. एकही माणूस नाही. शंभर तोंडं माझ्याकडे वळली होती. आधी एकदा कप पाहून फसलेलं गाव होतं ते, आता डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

ओट्यावरून काका उठून आले. फाटकाशी उभे राहून त्यांनीच विचारलं, आणि आवाजात थट्टा नव्हती. "बाई, आता कोनासंग आहे? पुढचा कोन?"

मी बाबांकडे पाहत म्हटलं, "कोणीच नाही काका. आता कोणी उरलंच नाही."

"कोनीच नाई?"

"अख्ख्या दुनियेत कोणी नाही."

मग जे झालं ते झालं. आत्या बाजेवर उभ्या राहिल्या, आम्ही त्यांना धरायला धावलो. आईने उरलेला गुलाल आणून आधी टीव्हीला लावला, मग बाबांना. कोणीतरी डफ काढला. गावातल्या ज्या माणसांना बास्केटबॉलचा चेंडू कधी हातात धरायला मिळाला नाही, ती एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मी मोठमोठ्याने रडत होते, आणि मला वाटलं, हरण्याची ती सगळी वर्षं ह्याच एका सकाळसाठी होती.

बाबा नाचले नाहीत. ते चौकटीतून निघाले, गर्दीतून वाट काढत फाटकाशी गेले आणि काकांसमोर उभे राहिले. डफ वाजवणारा थांबला. काकांनी मान खाली घातली, पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि म्हणाले, "दादा, माह्यं पानी कवा लावता?"

बाबांनी सावकाश विचार केला, एरवी पाटावर करतात तसाच. "त्या बाईचं आज दिवसभर चालन," ते म्हणाले. "तुह्यं उद्या सकाळी सहाले. उशीर नोको करजो."

सगळं गाव ऐकत होतं.

"हाव," काका म्हणाले.